गिटारची मींड

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला मनाई झाली, ती १९७१ पर्यंत टिकली. स्थिर सुरांच्या या पेटींतून मींड निघत नाहीं, हा तिच्यावरील एक मोठा आक्षेप होता. ही मनाई चालू असतांनाच, १९६७ मध्यें, गिटारवर राग वाजविलेली एक ध्वनिमुद्रिका निघाली व रसिकांस आवडली. गिटारहि विलायती, आणि तिचेहि पडदे ठराविक. मग ती रागांत सामावली कशी?

याचें उत्तर शोधण्यास आधीं अमेरिकेंतील मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यांत जावें लागतें. वाशीमकरांस तो मुलूख परका वाटूं नये. वेचणीचे कष्ट आपणांसहि ठाऊक आहेत. त्या मळ्यांतील कृष्णवर्णीय मजुरांच्या जीवनांतून ‘ब्लूज’ हें गाणें उमटलें. त्यांतलाच एक मजूर मडी वॉटर्स. १९४१ मध्यें ॲलन लोमॅक्स यांनीं त्याचें गाणें मळ्यावरच मुद्रित केलें. १९४३ मध्यें तो शिकागोस गेला. तेथील गुत्त्यांच्या गोंगाटांत साधी गिटार ऐकूं येईना, म्हणून त्यानें विजेची गिटार हातीं घेतली. करंगळींत नळी घालून तो ती तारेवर सरकवी आणि पडद्यांमधले स्वर विव्हळत बाहेर पडत. १९४८ ची ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ ही मुद्रिका याची साक्ष देते.

आपल्याकडे हेंच कोडें ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनीं सोडविलें. ते जोधपूरचे, अली अकबर खाँ यांचे शिष्य. गिटार आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरविण्याची रीत त्यांनीं हवाई बेटांकडून घेतली, पण वळण सरोदाचें राखलें. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या उपर्युक्त मुद्रिकेंत काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस रागांतून चितारला आहे. त्यांत शिवकुमार शर्मांच्या संतूरचे सुटे आघात, हरिप्रसाद चौरसियांची बांसरी आणि त्यांच्याशेजारीं गिटारची सलग मींड ऐकूं येते. हिचे निर्माते जी. एन. जोशी, शेजारच्या मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ध्वनिमुद्रिकेवर गाणारे तेच.

रेडिओनें नाकारलेली पेटी आपल्या भजनी मंडळांनीं मात्र सोडली नाहीं, कारण गाणाऱ्यास ती आधार देत होती. गिटारनें मींड दिली, पेटीनें आधार दिला. वाद्य आपलें झालें कीं नाहीं, हें गळ्यालाच विचारावें.