झेब्राफिशमधील प्रथिनांना प्रकाशाची खूण

जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा, निळसर पट्ट्यांचा झेब्राफिश हा मूळचा भारतीय उपखंडातील मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन केले. शोभेच्या टाकीतील हा मासा प्रयोगशाळेत रुळला तो प्रामुख्याने पारदर्शक भ्रूणामुळे. फलनानंतर सुमारे चोवीस तासांत सुरू होणारे हृदयाचे ठोके सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्या त्वचेच्या जडणघडणीचा अभ्यास झाला आहे. मणक्यांमधील चकतीची झीज भरून निघण्यात सीसीएन२ए या प्रथिनाचा वाटा असल्याचे पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केले.

असे प्रथिन जिवंत पेशीत नेमके कोठे आणि किती आहे, हे मात्र नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी त्याला जीएफपी हे प्रतिदीप्त प्रथिन जोडले जाते. निळा प्रकाश पडताच ते हिरवे चकाकते. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये ते जेलीफिशमधून वेगळे केले. २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते.

पूर्वी अशी खूण जोडलेली जनुकाची जादा प्रत माशाच्या जनुकसंचात कोठेही बसवली जात असे. त्यामुळे प्रथिन गरजेपेक्षा अधिक तयार होऊन भलत्याच ठिकाणी दिसण्याचा धोका असे. चित्र सुंदर, पण फसवे. जनुक संपादनात खूण मूळ जनुकाच्या जागीच बसते, म्हणून प्रथिनाचे प्रमाण पेशीच ठरवते.

एका पेशीच्या अवस्थेतील भ्रूणात क्रिस्पर-कॅस९ ही जनुकीय कात्री आणि जीएफपीचा सुमारे सातशे अक्षरांचा संदेश टोचला जातो. कात्री डीएनए अचूक कापते. अडचण त्यानंतर येते. झपाट्याने विभागणारे भ्रूण कापलेली टोके बहुधा घाईने सांधून टाकते आणि संदेश बाहेरच राहतो. यश आले तरी काही पेशी चकाकतात, काही कोऱ्या राहतात. खूण जननपेशींत उतरली असेल तरच ती पुढील पिढीत जाते आणि मासा प्रजननक्षम होण्यास सुमारे तीन महिने लागतात.

जनुकाच्या दोन्ही प्रतींवर खूण असलेला मासा निरोगी वाढला, तर जोडणीने प्रथिनाच्या कामात मोठा अडथळा आणलेला नाही, असे मानता येते. अन्यथा प्रथिनाचे दुसरे टोक निवडून सारे पुन्हा करावे लागते.