नोकरी, आगगाडी आणि दोन चुली : टिळक कुटुंबाची स्थलांतरे

१/५
ठाणे जिल्ह्यातील मुरबाड हे लक्ष्मीबाई टिळकांचे सासर. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी विवाहबद्ध झाली. पुढे पतीच्या नोकऱ्यांमागे तिचा संसार गावोगाव फिरत राहिला.

२/५
१८९३. नागपूरहून राजनांदगाव संस्थानातील नव्या नोकरीवर जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामावर रुजू झाले.

३/५
या वेळी मात्र बिऱ्हाड मागोमाग हलले नाही. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीजवळ परतल्या, पण चूल आणि पाणी वेगळे ठेवूनच. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. पतीच्या आग्रहाने नव्हे.

४/५
१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि कुटुंब साताऱ्यास गेले. हे स्थलांतर नोकरीसाठी नव्हते, नोकरी सोडून होते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक निवर्तले.

५/५
धर्मांतराचा इतिहास सहसा प्रवचने आणि वादविवाद यांतून सांगितला जातो. त्या काळी पुरुषाला नोकरी मिळे, तेव्हा घर, नातलग आणि सोवळेओवळे यांची फेरमांडणी स्त्रीलाच करावी लागे. ती बाजू लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवली. या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला.