कॅरॅव्हॅन पार्कमधील कौटुंबिक सुट्टी

कॅरॅव्हॅन पार्कमधील कौटुंबिक सुट्टी हा युनायटेड किंग्डममध्ये रूढ असलेला, तुलनेने कमी खर्चाच्या देशांतर्गत पर्यटनाचा एक प्रकार आहे. यात एखादे कुटुंब समुद्रकिनाऱ्यावरील किंवा ग्रामीण भागातील पार्कमध्ये उभी असलेली, स्वयंपाकघर, शयनकक्ष व स्नानगृह असलेली कॅरॅव्हॅन काही रात्रींसाठी भाड्याने घेते. स्वतः स्वयंपाक करण्याची सोय, मुलांना खेळण्यासाठी मोकळी जागा आणि विमानप्रवासाची गरज नसणे या कारणांमुळे लहान मुले असलेल्या कुटुंबांत हा प्रकार विशेष लोकप्रिय आहे. अशा सुट्टीचे भाडे मुख्यतः शाळांच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. जाहिरातीतील भाडे आणि कुटुंबाचा प्रत्यक्ष खर्च यांत अनेकदा मोठा फरक पडतो.

संज्ञा व स्वरूप

ब्रिटनमध्ये ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मोटारीच्या मागे जोडून नेता येणाऱ्या चाकांच्या घराला ‘टूरिंग कॅरॅव्हॅन’ म्हणतात, तर पार्कमध्ये एकाच जागी उभ्या असलेल्या मोठ्या घराला ‘स्टॅटिक कॅरॅव्हॅन’ म्हणतात. स्टॅटिक कॅरॅव्हॅन कारखान्यात पोलादी सांगाड्यावर बांधली जाते व अवजड वाहनावरून पार्कमध्ये आणली जाते. ती वर्षानुवर्षे जागची हलली नाही, तरी हलवता येणे हे कायद्याच्या व्याख्येनुसार तिचे आवश्यक लक्षण आहे. कौटुंबिक सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या कॅरॅव्हॅन प्रामुख्याने याच प्रकारच्या असतात.

हेवन आणि पार्कडीन रिसॉर्ट्स या मोठ्या कंपन्या अनेक पार्क चालवतात. त्यांच्या बहुतेक पार्कमध्ये जलतरण तलाव, खेळाचे मैदान, उपाहारगृह, दुकान व मनोरंजनाचे सभागृह असते. याउलट कुटुंबांच्या मालकीच्या लहान पार्कमध्ये सोयी मोजक्या असतात, परंतु शांतता अधिक असते. काही कॅरॅव्हॅन खासगी मालकीच्या असून त्यांचे मालक पार्कच्या परवानगीने त्या भाड्याने देतात.

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील स्केगनेस व इंगोल्डमेल्स, नॉरफोकमधील ग्रेट यार्मथ, सॉमरसेटमधील ब्रीन, तसेच उत्तर वेल्समधील टोविन व प्रेस्टॅटिन हा भाग कॅरॅव्हॅन पार्कसाठी प्रसिद्ध आहे. डेव्हन व कॉर्नवॉल या परगण्यांतही असे पार्क मोठ्या संख्येने आहेत.

इतिहास

हौसेखातर कॅरॅव्हॅनमधून प्रवास करण्याची सुरुवात इ.स. १८८५ मध्ये बांधल्या गेलेल्या ‘द वाँडरर’ या घोड्यांच्या गाडीपासून झाली, असे सामान्यतः मानले जाते. नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक व लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती ब्रिस्टल येथे बनवून घेतली होती. इ.स. १९०७ मध्ये कॅरॅव्हॅन क्लबची स्थापना झाली. या काळात कॅरॅव्हॅन ही मुख्यत्वे सधन वर्गाची हौस होती. इ.स. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडता येणाऱ्या कॅरॅव्हॅनचे व्यापारी उत्पादन सुरू केले.

इ.स. १९३८ च्या भरपगारी सुट्टीविषयीच्या कायद्यामुळे कामगार वर्गाच्या पर्यटनाला चालना मिळाली. त्यापूर्वी दोन वर्षे, इ.स. १९३६ मध्ये, बिली बटलिन यांनी स्केगनेस येथे आपला पहिला हॉलिडे कॅम्प सुरू केला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांच्या टंचाईमुळे अनेक कुटुंबे कॅरॅव्हॅनमध्ये कायम राहू लागली आणि समुद्रकिनाऱ्यांवरही कॅरॅव्हॅनच्या वसाहती वाढल्या. त्यांच्या नियमनासाठी इ.स. १९६० मध्ये ‘कॅरॅव्हॅन साइट्स अँड कंट्रोल ऑफ डेव्हलपमेंट अॅक्ट’ हा कायदा संमत झाला. त्यानुसार, काही अपवाद वगळता, कॅरॅव्हॅन पार्कला नियोजन परवानगीबरोबरच स्थानिक प्राधिकरणाचा परवाना घेणे बंधनकारक झाले.

हंगाम व दर

बहुतेक पार्क साधारणपणे मार्चपासून ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत खुले असतात. या काळात एकाच कॅरॅव्हॅनचे भाडे आठवड्यागणिक बदलते. इंग्लंडमध्ये जुलैच्या उत्तरार्धापासून सुमारे सहा आठवडे शाळांना उन्हाळी सुट्टी असते. हा काळ सर्वांत महाग असतो. ईस्टरची सुट्टी, तसेच मे व ऑक्टोबरच्या अखेरीस येणारी सत्राच्या मध्यावरील सुट्टी यांतही दर वाढतात.

स्कॉटलंडमधील शाळा इंग्लंडच्या आधी, साधारणपणे जूनअखेर बंद होतात व ऑगस्टच्या मध्यास पुन्हा सुरू होतात. त्यामुळे तेथील शाळकरी मुलांच्या कुटुंबांना जुलैच्या सुरुवातीस, इंग्लंडमधील शाळा सुरू असताना, तेथील पार्कमध्ये तुलनेने कमी दरात राहता येते.

शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या कुटुंबांवर वेळापत्रकाचे बंधन नसते. इंग्लंडमध्ये पाचव्या वाढदिवसानंतर सुरू होणाऱ्या सत्रापासून शिक्षण सक्तीचे होते. त्यामुळे पहिले मूल त्या वयाचे होईपर्यंत मे, जून किंवा सप्टेंबरमधील स्वस्त आठवडे निवडता येतात. अशा आठवड्यांत हवामान अनेकदा चांगले असते व तलावावरील गर्दीही कमी असते. मात्र खुले जलतरण तलाव बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यापुरतेच सुरू असतात, तसेच हंगामाच्या आरंभी व अखेरीस काही सोयी बंद असू शकतात.

शाळेतील अनुपस्थिती व दंड

सत्र सुरू असताना मुलांना सुट्टीवर नेल्यास भाड्यात बचत होते, परंतु इंग्लंडमध्ये त्यासाठी दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०१३ पासून मुख्याध्यापकांना केवळ अपवादात्मक परिस्थितीतच रजा मंजूर करता येते. इ.स. २०१७ मध्ये युनायटेड किंग्डमच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ‘नियमित उपस्थिती’ म्हणजे शाळेने ठरवलेल्या नियमांनुसार उपस्थिती होय. त्यामुळे मुलाची एरवीची हजेरी चांगली असली, तरी विनापरवानगी सुट्टीचे समर्थन होत नाही.

ऑगस्ट २०२४ पासून दंडाची रक्कम २१ दिवसांत भरल्यास ८० पाउंड व त्यानंतर २८ दिवसांपर्यंत भरल्यास १६० पाउंड आहे. दंड प्रत्येक पालकास प्रत्येक मुलामागे आकारला जातो. म्हणजेच दोन पालक व शाळेत जाणारी दोन मुले असलेल्या कुटुंबास कमी दरानेही एकूण ३२० पाउंड भरावे लागू शकतात. तीन वर्षांच्या आत त्याच मुलाबाबत दुसऱ्यांदा दंड झाल्यास सवलतीचा दर मिळत नाही. त्यामुळे सत्रकाळातील स्वस्त भाड्याचा फायदा अशा कुटुंबाला बहुधा मिळत नाही.

मुक्कामाचा कालावधी

पार्कमधील मुक्काम सहसा ठरावीक वारी सुरू होतो. शुक्रवार ते सोमवार असा तीन रात्रींचा, सोमवार ते शुक्रवार असा चार रात्रींचा आणि पूर्ण आठवड्याचा असे तीन प्रकार प्रचलित आहेत. कॅरॅव्हॅनचा ताबा सामान्यतः दुपारी चारच्या सुमारास मिळतो व निघण्याच्या दिवशी सकाळी दहापर्यंत ती रिकामी करावी लागते. या वेळा गृहीत धरल्यास शुक्रवार ते सोमवार मुक्काम ६६ तासांचा, तर सोमवार ते शुक्रवार मुक्काम ९० तासांचा होतो. आठवड्याच्या मधल्या दिवसांना मागणी कमी असल्याने चार रात्रींचे भाडे अनेकदा तीन रात्रींइतके किंवा त्याहूनही कमी असते.

खर्चाचे घटक

जाहिरातीतील भाडे हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. इतर प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत.

पास: काही पार्कमध्ये तलाव व मनोरंजन सभागृहासाठी कुटुंबातील व्यक्तींचे पास स्वतंत्रपणे घ्यावे लागतात. खासगी मालकाकडून घेतलेल्या कॅरॅव्हॅनच्या भाड्यात पास बहुधा समाविष्ट नसतात.

अंथरूण-पांघरूण: चादरी, अभ्रे व टॉवेल काही वेळा भाड्यात मिळत नाहीत. बाळाचा पाळणा व उंच खुर्ची यांसाठीही वेगळे शुल्क असू शकते.

इंधन: कंपन्यांच्या कॅरॅव्हॅनमध्ये गॅस व वीज सहसा भाड्यात धरलेली असते. खासगी कॅरॅव्हॅनच्या बाबतीत ती वेगळी आकारली जाऊ शकते.

खाणे: स्वयंपाकाची सोय ही बचतीची मुख्य जागा आहे. पार्कमधील दुकानात वस्तू महाग असू शकतात. त्यामुळे अनेक कुटुंबे येताना शिधा सोबत आणतात.

खेळयंत्रे: बऱ्याच पार्कमध्ये नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांचे दालन असते. नाणी ढकलणारी व खेळणी उचलणारी यंत्रे कमी रकमेच्या गटात मोडत असल्याने ब्रिटिश कायद्यानुसार लहान मुलांनाही खेळता येतात. हा खर्च अंदाजपत्रकात सहसा धरला जात नाही.

एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार, टाळता न येणारी सर्व शुल्के सुरुवातीलाच दाखवलेल्या किमतीत समाविष्ट करणे विक्रेत्यांना बंधनकारक आहे. पास किंवा चादरींसारख्या ऐच्छिक बाबी मात्र त्यानंतरही वेगळ्या दाखवता येतात. त्यामुळे दोन पार्कची तुलना करताना या सर्व बाबी मिळवून प्रतिरात्र खर्च काढणे अधिक अचूक ठरते. उदाहरणादाखल, चार रात्रींचे भाडे २०० पाउंड व पास, चादरी मिळून ८० पाउंड असल्यास प्रतिरात्र खर्च ७० पाउंड होतो. सर्व समाविष्ट असलेल्या २६० पाउंडांच्या पर्यायात तो ६५ पाउंड असतो.

‘द सन’ या दैनिकाची प्रतिव्यक्ती साडेनऊ पाउंडांपासून सुट्टी देणारी योजना ब्रिटनमध्ये परिचित आहे. अशा सवलत योजनांमध्येही उपलब्ध तारखा मर्यादित असतात व वरील शुल्के लागू होऊ शकतात.

निवासाची रचना

कॅरॅव्हॅनची क्षमता सांगताना बैठकीच्या खोलीतील पलंगासारखा उघडता येणारा सोफाही मोजला जातो. त्यामुळे सहा जणांसाठीची म्हणून दिलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये अनेकदा दोनच शयनकक्ष असतात. सोफ्यावर कोणी झोपल्यास मुले झोपल्यानंतर मोठ्यांना बसायला वेगळी जागा उरत नाही. मुलांच्या खोलीतील पलंग अरुंद असून त्यांच्यामध्ये पाळणा मावण्याइतकी जागा बहुधा नसते. स्नानगृहात सहसा केवळ शॉवर असतो, त्यामुळे बाळाला आंघोळ घालण्यासाठी लहान टब सोबत न्यावा लागतो.

जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये अनेकदा बैठकीच्या खोलीपुरतीच गॅसची शेगडी असते व शयनकक्ष थंड राहतात. वसंत किंवा शरद ऋतूत बाळासह राहताना दुहेरी काचांच्या खिडक्या व सर्व खोल्यांत उष्णता पुरवणारी यंत्रणा असलेली कॅरॅव्हॅन उपयुक्त ठरते.

स्थान व प्रवास

समुद्राजवळील सर्वच पार्क लहान मुलांच्या पोहण्यासाठी योग्य नसतात. ब्रीन ज्या ब्रिस्टल खाडीवर आहे, तेथील भरती-ओहोटीतील फरक जगातील सर्वाधिक फरकांपैकी एक आहे. ओहोटीच्या वेळी समुद्र खूप मागे जातो व धोकादायक चिखल उघडा पडतो. लिंकनशायरचा किनारा सपाट व वालुकामय आहे.

अनेक पार्क रेल्वेपासून दूर असल्याने मोटारीशिवाय तेथे पोहोचणे कठीण असते. स्केगनेस, ग्रेट यार्मथ व प्रेस्टॅटिन येथे रेल्वे स्थानके आहेत. ब्रिटनच्या रेल्वेत पाच वर्षांखालील मुलांना भाडे आकारले जात नाही.

सुरक्षितता

भाड्याने दिल्या जाणाऱ्या कॅरॅव्हॅनमधील गॅस उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घेणे कायद्याने आवश्यक आहे. बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका असल्याने धूर व कार्बन मोनॉक्साइडसूचक यंत्रे चालू असल्याची खात्री केली जाते.

बहुतेक तलावांवर आठ वर्षांखालील मुलांसोबत मोठी व्यक्ती पाण्यात असणे अनिवार्य असते व एका व्यक्तीमागे किती मुले असावीत याचेही बंधन असते. त्यामुळे दोन-तीन लहान मुले असलेल्या एकट्या पालकास तलावात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. समुद्रकिनाऱ्यावर लाल-पिवळ्या निशाणांमधील भाग जीवरक्षकांच्या देखरेखीखाली असतो.

आरक्षण व ग्राहक संरक्षण

ठरावीक तारखांच्या निवासाच्या आरक्षणाला दूरविक्रीसाठी असलेला १४ दिवसांचा करार रद्द करण्याचा सर्वसाधारण हक्क लागू होत नाही. त्यामुळे रद्द करण्याच्या अटी आरक्षणापूर्वीच पाहणे महत्त्वाचे ठरते. इ.स. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार, १०० पाउंडांहून अधिक व ३०,००० पाउंडांपर्यंतच्या किमतीची सेवा क्रेडिट कार्डाने थेट घेतल्यास करारभंगाबद्दल कार्ड देणारी संस्थाही जबाबदार असते. बँक खात्यात थेट भरलेल्या रकमेला हे संरक्षण नसते. खासगी मालकाच्या बाबतीत कॅरॅव्हॅन खरोखर त्या पार्कमध्ये आहे का, हे पार्कच्या कार्यालयाकडून पडताळता येते.

सामाजिक संदर्भ

शाळांच्या सुट्टीतील दरवाढीचा भार कमी उत्पन्नाच्या व शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांवर सर्वाधिक पडतो. दर बाजारातील मागणीनुसार ठरतात असे पर्यटन व्यवसायाचे म्हणणे आहे, तर दंडाच्या धोरणामुळे गरीब मुले सुट्टीपासूनच वंचित राहतात असा आक्षेप काही पालक घेतात. इ.स. १९७५ मध्ये स्थापन झालेली फॅमिली हॉलिडे असोसिएशन ही धर्मादाय संस्था, जी आता फॅमिली हॉलिडे चॅरिटी या नावाने ओळखली जाते, अडचणीतील कुटुंबांना अल्पकालीन सुट्टीसाठी साहाय्य करते.

महाराष्ट्रातील धोरण

महाराष्ट्र शासनाने इ.स. २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या कॅरॅव्हॅन व त्या उभ्या करण्यासाठीचे पार्क यांचा विचार आहे. एका जागी उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये आठवडाभर राहण्याच्या ब्रिटिश पद्धतीपेक्षा हा प्रकार वेगळा आहे.