अभ्यास कोणाचा झाला?

"डॉक्टर, परदेशात संशोधन झालंय," असं म्हणत तुमच्यापैकी अनेक जण मोबाइल माझ्यापुढे धरतात. मी आधी विचारतो, अभ्यास कोणाचा झाला? प्रश्न साधा आहे, पण तो नियमात बसवायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षं लागली.

उपचार चाचण्यांवर पारखून घ्या, असं आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७२ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं. १९९३ मध्ये त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून त्यांचा एकत्र आढावा घेणं, हे तिचं काम. औषधाचा गुण असा मोजता येतो. पण रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतो, हे समजायला त्याच्याशी बसून बोलावं लागतं. यालाच गुणात्मक संशोधन म्हणतात. (शिकत असताना आम्ही त्याला 'गप्पा' म्हणायचो, कबूल करतो.)

या संस्थेचा असा पहिला आढावा यायला २०१३ उजाडलं. विषय होता, थोडं प्रशिक्षण घेऊन माता-बालकांसाठी काम करणारे आरोग्य कार्यकर्ते. आपल्या आशाताई याच प्रकारात येतात. एकूण ५३ अभ्यास होते. श्रीमंत देशांत हे कार्यकर्ते मुख्यतः सल्ला आणि आधार देत. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत काही ठिकाणी ते गर्भनिरोधकं वाटत, आजारी मुलांवर उपचारही करत. उपचार फसला तर दोष आपल्यावर येईल, अशी भीती काहींनी बोलून दाखवली होती. आता तुम्हीच सांगा, फक्त सल्ला देणाऱ्याच्या मुलाखतीवरून औषध देणाऱ्याच्या या भीतीचा अंदाज कसा यावा? मुलाखत कितीही उत्तम घेतलेली असो.

अशा निष्कर्षांवर किती भरवसा ठेवायचा, हे ठरवणारी 'सर्क्वल' नावाची पद्धत त्याच सुमारास घडत होती. सुरुवातीला तिच्यात दोनच कसोट्या होत्या: अभ्यास नीट केलाय का, आणि निष्कर्ष मूळ माहितीशी जुळतो का. २०१५ पर्यंत आणखी दोन आल्या. माहिती पुरेशी आहे का, ही एक. दुसरी प्रस्तुततेची: अभ्यासातली माणसं, जागा आणि परिस्थिती आपल्या प्रश्नाशी जुळते का?

न जुळण्याचे प्रकारही ठरले. प्रश्न साऱ्या महाराष्ट्राचा आणि अभ्यास फक्त मुंबईचा असेल, तर प्रस्तुतता अंशतः. एका आजाराबद्दल विचारायचं असताना त्याच्यासारख्या दुसऱ्याच आजाराचे रुग्ण घेतले असतील, तर अप्रत्यक्ष. आणि कोणाला विचारलं हेच धड लिहिलेलं नसेल, तर अस्पष्ट.

मला पटलेली गोष्ट म्हणजे, असा अभ्यास केराच्या टोपलीत जात नाही. त्यावर उभ्या निष्कर्षाचा भरवसा तेवढा एखादी पायरी उतरू शकतो. त्याच आढाव्यात काही लोकांनी सांगितलं होतं की, कार्यकर्ते घरी आले की आपली खासगी गोष्ट बाहेर फुटेल अशी धास्ती वाटते. तुमच्या चाळीत आशाताई दार वाजवतात तेव्हाही असंच वाटतं का, हे चाळीतल्या बायकांनाच विचारावं लागेल.