आदिलशहाच्या वाड्यापासून मिरामारपर्यंत

चतुर्थीला बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना कुठे न्यावे, असा प्रश्न आम्हा पणजीकरांना पडतो. देवळे झाली, जुने गोवे झाले की आम्ही त्यांना घेऊन मांडवीच्या काठाने चालत निघतो. जुने सचिवालय ते मिरामार हे अंतर सुमारे तीन किलोमीटर. वाट सपाट, चढ नाही. आजीआजोबा आणि नातवंडे दोघांनाही झेपेल अशी. पण या छोट्या वाटेवर गोव्याची साडेचार-पाच शतके उभी आहेत.

सुरुवात आदिलशहाच्या वाड्याने. विजापूरकरांचा हा वाडा पुढे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. 1759 मध्ये व्हाइसरॉय जुने गोवे सोडून इथे राहायला आले आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मुक्तीनंतर याच इमारतीत गोव्याची विधानसभा भरू लागली, ती 2000 साली पर्वरीला जाईपर्यंत.

शेजारीच आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीला 1756 मध्ये जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. झोप येते ती चुंबकाच्या शक्तीने नव्हे, झोपणाऱ्याच्याच मनातून, हे त्याने मांडले. 1945 चा हा पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला.

पुढे आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्था लागते. तिच्या प्रवेशदालनातल्या निळ्या फरशांवर कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग चितारलेले आहेत. 1871 मध्ये ही संस्था वास्को द गामाच्या नावाने निघाली. मुक्तीनंतर तिला लुईश द मिनेझिस ब्रागांझा या राष्ट्रवादी पत्रकाराचे नाव मिळाले. फरशा मात्र तशाच राहिल्या. इतिहास असाही जपता येतो.

त्यानंतर 1842 मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची जुनी इमारत आणि मग कांपाल. पलीकडच्या काठावर रेईश मागूशचा किल्ला दिसतो. तिथे आणि आग्वादला स्वातंत्र्यसैनिकांनी तुरुंगवास भोगला. अलीकडे चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली कला अकादमी. तिच्या मुख्य नाट्यगृहाला मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचे नाव आहे. मराठी नाटकाचे गोव्याशी नाते किती जुने, हे वेगळे सांगायला नको.

ज्या रस्त्याने आपण चालत आलो, त्याला नाव आहे दयानंद बांदोडकरांचे. मिरामारला, जिथे मांडवी समुद्राला मिळते, तिथे त्यांची समाधी आहे. गोव्याचे हे पहिले मुख्यमंत्री 12 ऑगस्ट 1973 रोजी पदावर असतानाच गेले. गावोगावी प्राथमिक शाळा काढणारे भाऊसाहेब अशीच त्यांची ओळख आहे.

समाधीपाशी मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, असे भाऊसाहेबांना मनापासून वाटे. आमच्यातल्या अनेक घरांनाही तेच वाटत होते. 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळ्या अस्तित्वाची दोन पाने. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. फुलाला 1,38,170 मते पडली, दोन पानांना 1,72,191. भाऊसाहेबांनी निकाल स्वीकारला. काही महिन्यांतच निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले.

आज मागे वळून पाहताना या दोन निकालांत आम्हाला विसंगती दिसत नाही. लोकांनी आपले घर वेगळे ठेवले आणि घर चालवायला आपलाच माणूस निवडला. 1987 मध्ये कोकणी राजभाषा झाली, तेव्हा त्याच कायद्याने मराठीच्या वापरालाही जागा दिली. त्यावरून वाद झाले, होतही राहतील. पण मराठी इथे टिकते ती शाळेतून, नाटकातून, आरतीतून आणि शेजाऱ्याशी राखलेल्या सलोख्यातून. मतमोजणीत हरलेली बाजू घरी परतून नव्या जोमाने कामाला लागू शकते, हे भाऊसाहेबांनी करून दाखवले.

यंदा पाहुणे आले की त्यांना या वाटेने न्या. मुलांना पुढे चालू द्या आणि प्रत्येक इमारतीपाशी एकेक नाव सांगा. आपण सांगितली नाहीत, तर ही नावे त्यांच्यासाठी नुसत्या पाट्या राहतील.