देवी काढणे आणि रोग्याचा होकार

बेळगावच्या टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव आज बहुतेकांस एका मैदानाचे म्हणूनच ठाऊक आहे. एके काळी तेथे देवीची लस तयार होत असे. या टोचणीस आपल्या आयाआज्या ‘देवी काढणे’ म्हणत. रोगाचे, त्याच्या अधिष्ठात्रीचे आणि उपायाचे नाव एकच! ज्या घरात देवी आल्या म्हणजे कडुनिंबाचा डहाळा लावून सोवळे पाळीत, त्या घरातील मुलाच्या दंडास परक्याने शस्त्र लावावयाचे, तर आईचा होकार ही किरकोळ गोष्ट नव्हती.

आरंभी एका मुलाच्या फोडातील लस काढून ती दुसऱ्याच्या दंडात टोचीत. लोक याला कचरत. त्यात जातीचा दुराग्रह होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एकाचा रोग दुसऱ्यास जाईल ही त्यांची शंका पुढे वैद्यकासही मान्य करावी लागली, आणि वासरापासून लस काढण्याची रीत पडली.

प्लेगच्या वेळी पेच अधिकच अवघड झाला. हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि ती ऐच्छिक म्हणूनच दिली जाई. परंतु ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांच्या हाती घरझडतीचे व विलगीकरणाचे बळ आले, आणि टोचून घेणारास ठिकठिकाणी या जाचातून सूट मिळू लागली. छावणीच्या धाकाने पुढे केलेल्या दंडास होकार म्हणावे काय? लस उपकारक होती, हे मान्य करूनही हा प्रश्न उरतोच.

आपल्या परंपरेत विचारण्याचा दंडक जुना आहे. मुतखड्याची शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित व केल्यास संशय, म्हणून अनुज्ञा घेऊनच ती करावी, असे सुश्रुत सांगतो. मात्र ती अनुज्ञा अधिपतीची, रोग्याची नव्हे. दिल्लीतील एका खटल्यात रोगी स्त्री बेशुद्ध असता तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले होते. सज्ञान रोग्याऐवजी दुसऱ्याची संमती चालणार नाही, आणि उपायाचे स्वरूप, धोके व पर्याय त्यास आधी सांगितले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. निपाणीच्या एखाद्या मराठी आजीबाईपुढे कन्नड वा इंग्रजी छापील कागद आला, तर हे सारे तिला तिच्या बोलीत कोणी समजावयाचे, हे त्या कागदावर कोठे लिहिलेले असते?