पडद्यावरचा यंत्रमानव आणि कापलेले क्षण

यंत्रमानवाच्या इतिहासातील पहिल्या गाजलेल्या चित्रफितींपैकी एक 1969 सालची आहे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ‘शेकी’ नावाचे यंत्र तयार झाले होते. डोक्यावर कॅमेरा, खाली चाके, आणि रेडिओने जोडलेला एक मोठा संगणक. खोल्यांमधून वाट काढणे आणि ठोकळे ढकलणे एवढेच त्याचे काम, आणि एकेक पाऊल ठरवायला त्याला कित्येक मिनिटे लागत. 1970 साली ‘लाइफ’ मासिकाने मात्र त्याला ‘पहिली इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ म्हणून टाकले. ठोकळे ढकलणारा शेकी आज संग्रहालयात आहे. त्याच्यासाठी 1968 मध्ये रचलेली ‘ए-स्टार’ ही मार्गशोधनाची पद्धत मात्र संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही शिकावी लागते. चित्रफितीत दिसले ते यंत्र. टिकले ते न दिसणारे गणित.

(‘यंत्रमानव’ हा आपला शब्दही थोडा फसवाच. कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या लोखंडी हातात मानव कुठे आहे? पण शब्द रुळला, आणि त्याबरोबर अपेक्षाही.)

यूट्यूब 2005 साली आले. 2008 मध्ये बॉस्टन डायनॅमिक्सच्या ‘बिगडॉग’ या चार पायांच्या यंत्राची चित्रफीत जगभर पसरली. माणूस त्याला लाथ मारतो, ते धडपडते, सावरते. बर्फावर घसरते, पुन्हा उभे राहते. पाहणाऱ्यांना चक्क त्याची दया आली. पुढे 2017 मध्ये याच कंपनीच्या ‘ॲटलस’ने उलटी कोलांटी मारली. त्या चित्रफितीच्या शेवटी फसलेला एक प्रयत्नही जोडलेला होता. मला ती कोलांटीपेक्षा मोलाची वाटते, कारण प्रयोगशाळेत वावरणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न सुचतो तो हाच: किती प्रयत्नांत एकदा? एकच यशस्वी मापन दाखवून भौतिकशास्त्रात कोणी शोधनिबंध छापत नाही. चित्रफीत मात्र नेमके तेच करते आणि त्रुटिरेषा लपवते.

ती रेषा उघड्यावर दिसली 2015 च्या जूनमध्ये, कॅलिफोर्नियातील पोमोना येथे. 2011 च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर ‘डार्पा’ या अमेरिकी संस्थेने यंत्रमानवांची स्पर्धा जाहीर केली होती: गाडी चालवणे, दार उघडणे, झडप फिरवणे, भिंतीला भोक पाडणे, जिना चढणे अशी आठ कामे एका तासात. प्रेक्षकांसमोर यंत्रे दाराशी, वाळूवर, पायरीवर धाडधाड कोसळली. जिंकले ते कोरियाचे ‘ह्युबो’. ते गुडघे टेकून, पायांना लावलेल्या चाकांवर सरकत असे. चालण्याचा दिमाख त्याने शक्य तिथे टाळला आणि आठही कामे सुमारे पाऊण तासात उरकली. लोकांनी डोक्यावर घेतली ती मात्र पडझडीची संकलित चित्रफीत.

अलीकडची उदाहरणे ताजी आहेत, म्हणून थोडक्यात. डिसेंबर 2023 मध्ये गूगलच्या ‘जेमिनी’ची चित्रफीत आली. माणूस हातवारे करतो आणि यंत्र जणू पाहून तत्काळ बोलते. प्रत्यक्षात स्थिर चित्रे आणि लिखित सूचना देऊन उत्तरे मिळवली होती आणि मधला विलंब कापला होता. पुढच्याच महिन्यात टेस्लाच्या ‘ऑप्टिमस’ने सदरा घडी घातला, ते काम यंत्र स्वतःहून करीत नव्हते, हे मालकानेच नंतर सांगितले.

आपल्याकडचा यंत्रमानव म्हणजे ‘प्रज्ञान’. त्याचे वजन 26 किलो, चाके सहा, वेग सेकंदाला एक सेंटीमीटर. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 उतरताना इस्रोचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर एकाच वेळी सुमारे 80 लाख लोक पाहत होते. त्याआधी 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे याच देशाने पडद्यावरचा हिरवा ठिपका ठरलेल्या रेषेवरून ढळताना पाहिला होता, 2.1 किलोमीटर उंचीनंतर मार्ग ढळला आणि विक्रमशी संपर्क तुटला. थेट प्रक्षेपणात कात्री चालत नाही. प्रज्ञानबाबतही इस्रोने काही झाकले नाही. 27 ऑगस्टला त्याला तीन मीटर पुढे चार मीटर व्यासाचे विवर दिसले, तेव्हा मागे फिरण्याची आज्ञा पृथ्वीवरून गेली, हे सरळ सांगितले. त्याला स्वयंभू बुद्धीचा मुलामा चढवला नाही.

हे भिलाईत बसून लिहिताना एक जुना प्रयोग आठवतो. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर ‘साइट’ प्रकल्पात सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांना उपग्रहावरून दूरदर्शन दाखवले गेले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातली खेडी आमच्या या रायपूर भागातली होती. जाळीच्या छत्र्या उभारल्या, संच लावले. पण तेवढ्यावर न थांबता संशोधक काही गावांत मुक्कामाला राहिले आणि लोकांना खरोखर काय समजले, काय पटले, हे त्यांनी नोंदवले. आज भ्रमणध्वनीवर कोलांट्या मारणारे यंत्र पाहून पोलाद कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाला काय समजते, हे विचारायला कोणी येत नाही. माझ्या ओळखीतला एक आयटीआयचा मुलगा अशाच चित्रफिती पाहून वेल्डिंगचा अभ्यासक्रम सोडायला निघाला होता. सपाट, स्वच्छ जमिनीवर नाचणारे यंत्र आणि भट्टीपाशी धूळ, उष्णता व गॅस यांत आठ तास टिकणारे यंत्र यांतले अंतर त्या पडद्यावर मोजता येत नव्हते. ते अंतर कमी होते आहे, हेही त्याला सांगावे लागले. अभ्यासक्रम पुरा कर, पण वेल्डिंगचा रोबो चालवायलाही शीक, असे सुचवले.

‘व्योममित्र’ची बातमी आता अधूनमधून येत असते. जानेवारी 2020 मध्ये बंगळुरूत सादर झालेला हा पाय नसलेला स्त्रीरूपी यंत्रमानव गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी आहे. त्याची चित्रफीत येईल तेव्हा चेहरा नंतर पाहा. आधी हाताकडे बघा: कळ त्याने दाबली तेव्हा खालून आज्ञा गेली होती का, आणि दोन्हींमध्ये किती सेकंद गेले.